क्रिकेटचा रिप्ले काही सेकंदांत कसा तयार होतो? ओबी व्हॅनच्या आतून

टीव्हीवर मॅच बघताना तुम्हीही कधीतरी वैतागला असाल. चौकाराचा रिप्ले चालू असतो, तो संपून लाइव्ह चित्र येईपर्यंत पुढचा बॉल पडलेला असतो. ‘हे लोक काय झोपा काढतात का?’ असं आपण म्हणतो.

त्या ‘लोकां’पैकी मी एक. थेट प्रक्षेपणात मी रिप्ले ऑपरेटर म्हणून काम करतो, आणि हा घोळ एकदा माझ्याच हातून झालाय. तो कसा झाला हे कळायला आधी रिप्ले कसा तयार होतो ते बघू.

ट्रकमध्ये बसलेली टीम

स्टेडियमच्या बाहेर एक लांबलचक ट्रक उभा असतो. त्याला ओबी व्हॅन म्हणतात. ओबी म्हणजे आउटसाइड ब्रॉडकास्ट. मैदानातल्या कॅमेऱ्यांची चित्रं इथे येतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्याला २५-३० कॅमेरे सहज असतात.

आत अंधार, कडक एसी आणि समोर मॉनिटरची भिंत. कोणता कॅमेरा दाखवायचा हे डायरेक्टर सांगतो आणि व्हिजन मिक्सर बटण दाबतो. एक इंजिनिअर सगळ्या कॅमेऱ्यांचा रंग आणि उजेड जुळवत असतो, नाहीतर प्रत्येक शॉटमध्ये गवत वेगळंच हिरवं दिसेल. साउंडवाले, ग्राफिक्सवाले आणि आम्ही रिप्लेवाले असे सगळे हेडफोनवर एकमेकांशी जोडलेले असतो. या बोलण्याच्या लाइनला टॉकबॅक म्हणतात. गंमत म्हणजे मैदानापासून इतक्या जवळ असूनही आमच्यापैकी कोणीच मैदान प्रत्यक्ष बघत नसतो.

रेकॉर्डिंग थांबतच नाही

बऱ्याच जणांना वाटतं की काही घडलं की आम्ही रेकॉर्डिंग सुरू करतो. तसं नाही. आमचा सर्व्हर सगळे कॅमेरे सतत रेकॉर्ड करत असतो, आणि ते चालू असतानाच मागे जाऊन हवा तो क्षण दाखवतो. ईव्हीएस या बेल्जियमच्या कंपनीची ही मशीन इतकी रुळली आहेत की आम्हाला ‘ईव्हीएस ऑपरेटर’च म्हणतात.

माझ्या हाताखाली बटणं, एक गोल चाक आणि एक दांडी असते. चाक फिरवून मी एकेक फ्रेम मागे-पुढे करतो, दांडीने वेग कमी-जास्त करतो. माझ्या वाट्याला काही ठरावीक कॅमेरे असतात. बॉल झाला की चाक मागे फिरवायचं, नेमकी सुरुवात पकडायची आणि टॉकबॅकवर सांगायचं, ‘कीपर बाजूचा अँगल तयार.’ डायरेक्टर ‘रोल’ म्हणाला की दांडी पुढे.

यासाठी वेळ किती? कसोटीत दिवसाला ९० षटकं आणि ६ तासांचा खेळ असतो. म्हणजे एका बॉलला सरासरी ४० सेकंद, तेही षटक बदलण्याचा वेळ धरून. फिरकी गोलंदाज असला तर याहून बरेच कमी. त्यातच फलंदाजाचा चेहरा, प्रेक्षक, धावफलक आणि आमचा रिप्ले, सगळं बसवायचं.

स्लो मोशन म्हणजे नुसतं हळू चालवणं नव्हे

आपल्याकडचं साधं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला ५० वेळा चित्र टिपतं, म्हणजे दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंदांचं अंतर. आता रनआउटचा विचार करा. फलंदाजाची बॅट ताशी २५ किलोमीटर वेगाने क्रीजकडे सरकत असेल तर २० मिलिसेकंदांत ती जवळपास १४ सेंटिमीटर पुढे जाते. एका चित्रात बॅट बाहेर आणि बेल जागेवर, पुढच्या चित्रात बॅट आत आणि बेल उडालेली. मधे काय झालं? ते टिपलंच गेलेलं नाही. साधी क्लिप कितीही हळू चालवली तरी जे चित्र नाही ते कुठून येणार?

म्हणून सुपर स्लो मोशन कॅमेरे लागतात. तिप्पट वेगाचा कॅमेरा सेकंदाला १५० चित्रं टिपतो आणि तेच अंतर ५ सेंटिमीटरच्या आत येतं. काही कॅमेरे हजारच्या घरातही जातात. पण वेग वाढला की प्रत्येक चित्राला मिळणारा उजेड कमी होतो. शिवाय जुन्या पद्धतीचे फ्लडलाइट विजेच्या ५० हर्ट्झमुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये अख्खं चित्र फडफडताना दिसतं.

याच रिप्लेवर निर्णय देण्याची सुरुवात १९९२ साली डर्बनच्या कसोटीत झाली. टीव्ही अंपायरने बाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर! पुढे अनेक वर्षं थर्ड अंपायरला हवा तो अँगल टीव्ही डायरेक्टरमार्फतच मिळायचा. आयपीएलमध्ये २०२४ पासून हॉक-आयचे ऑपरेटर थर्ड अंपायरच्या खोलीतच बसतात, त्यामुळे मधला निरोप्या गेला.

आणि तो बॉल

काही वर्षांपूर्वीचा एक देशांतर्गत सामना. कॅमेरे मोजकेच, गोलंदाज फिरकीचा. फलंदाजाने चौकार मारला आणि सीमारेषेवरच्या माझ्या कॅमेऱ्यात क्षेत्ररक्षकाची सुंदर उडी सापडली. मी हट्टानेच म्हटलं, ‘हा अँगल घ्याच.’ डायरेक्टरने घेतला. मधेच त्याने विचारलं, ‘किती बाकी?’ मी क्लिप बघून सांगितलं, ‘तीन सेकंद.’

उत्तर बरोबर होतं, पण मी चुकीच्या मॉनिटरकडे बघत होतो. लाइव्ह मॉनिटरवर गोलंदाज वळला होता. चार पावलांचा रनअप, त्याला तीन सेकंद पुष्कळ झाले. आम्ही लाइव्हवर परत आलो तेव्हा खेळाडू गोलंदाजाला मिठ्या मारत होते आणि यष्टी पडलेली होती. त्या मुलाचा तो पहिलाच सामना आणि ही पहिलीच विकेट. रेकॉर्डिंग अर्थातच होतं, पाच अँगलने दाखवलं. पण ‘लाइव्ह’ ती कोणीच पाहिली नाही. त्याच्या घरचे टीव्हीसमोर बसले असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

रात्री आईचा फोन आला. तिला कोणाची चूक हे माहीत नव्हतं. म्हणाली, ‘अरे, विकेट पडली कधी? मला तर जुना चौकारच दिसत होता.’

तेव्हापासून मी क्लिपचे सेकंद सांगत नाही. ‘गोलंदाज अजून चालतोय’ किंवा ‘वळला, बाहेर पडा’ असं सांगतो. चांगला अँगल वाया गेला तरी चालतो, तो षटक संपल्यावर दाखवता येतो.

पुढच्या वेळी मॅच बघताना एक करा. रिप्ले संपून लाइव्ह चित्र येईल तेव्हा गोलंदाज कुठे आहे ते बघा. तो रनअपच्या सुरुवातीला निवांत उभा दिसला, तर समजा ट्रकमधल्या कोणीतरी आपला आवडता शॉट दोन सेकंद आधीच सोडून दिलाय.