स्टील-गिटारची कांडी : जाड कीं बारीक ?

रोहिणखेडसारख्या गावीं राहून स्टील-गिटार शिकूं पाहणाऱ्यास गुरूची अडचण पडते हें खरें. पण तिच्याहून क्षुल्लक दिसणारी आणि तितकीच चिवट अशी दुसरी एक अडचण आहे. वाद्य मुंबईहून आगगाडीनें मलकापुरापर्यंत आणतां येतें, तारा टपालानें येतात; परंतु त्या तारांवरून सरकवावयाची पोलादी कांडी, जिला वादक ‘बार’ म्हणतात, ती हातांत धरून न पाहतांच मागवावी लागते. यादींत एवढेंच लिहिलेलें असतें : पाऊण इंची, सात-अष्टमांश इंची, एक इंची. अष्टमांश इंचानें काय बिघडणार, असें म्हणून मनुष्य स्वस्तांतली मागवितो. आणि पुढें वर्षभर सूर कां टिकत नाहीं, याचा दोष स्वतःच्या बोटांना देत बसतो.

कांडीचें काम काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. सतारीवर बोट तारेला पडद्यावर दाबतें आणि तारेची लांबी तो पडदा ठरवितो. स्टील-गिटारवर तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात. त्या पडद्यांस टेकतच नाहींत. तेथें तारेची लांबी ठरविते ती कांडी. म्हणजे कांडी हा एक हलता मेरु आहे. मेरूचा गुण एकच, कीं तार थरथरली तरी त्यानें थरथरूं नये. हलक्या कांडीला हें साधत नाहीं. तारेचा जोर ती आपल्यांत ओढून घेते आणि सूर छेडतांच विझूं लागतो. मग वादक नकळत दाब देतो. दाबानें तार ताणली जाऊन चढी बोलते, कधीं पडद्यावर आपटून खरखरतेही. पुरेशी जड कांडी मात्र स्वतःच्या भारानेंच तारेवर बसते. हातानें तिला फक्त वाट दाखवावयाची असते.

हवाई बेटांत जोसेफ केकुकू नांवाच्या शाळकरी मुलानें १८८९ च्या सुमारास ही वादनपद्धति काढली, असें सांगतात. गेब्रियल डेव्हियन या हिंदुस्थानांत जन्मलेल्या तरुणाचेंही नांव या संबंधांत घेतलें जातें. पण अशा कथेवर राष्ट्राभिमानाचा मनोरा उभारण्याचें कारण नाहीं, कारण सरकत्या सुरांची परंपरा आपल्याकडे स्वतंत्र आणि भक्कम आहे. उत्तरेंत विचित्र वीणेच्या तारांवर कांचेचा जड गोळा फिरतो. त्याला ‘बट्टा’ म्हणतात, आणि खलबत्त्यांतला बत्ता आठवला कीं त्याचें वजनही ध्यानांत येतें. पतियाळाचे अब्दुल अझीझ खां यांनीं हें वाद्य विसाव्या शतकांत मैफलींत आणलें. दक्षिणेंतील गोट्टुवाद्य तर मराठी माणसाच्या अधिक जवळचें. तंजावरच्या गादीवरून १७९८ सालीं दूर केले गेलेले अमरसिंह भोसले ज्या तिरुविडैमरुदूर गावीं जाऊन राहिले, त्याच गावच्या सखाराम राव यांनीं मागें पडलेलें हें वाद्य पुन्हा मैफलीस आणलें. गोट्टुवाद्य हें नांवही त्यांचेंच, असें मानतात. पुढें कर्नाटक संगीतांत अग्रगण्य ठरलेले गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर त्यांच्याजवळ शिकले. गायकानें वादकापाशीं शिकावें यांतच या वाद्याची योग्यता दिसून येते. त्यावरील दंड परंपरेनें आबनुसासारख्या कठीण लांकडाचा असे. अलीकडे टेफ्लॉनचेही दंड वापरतात. आबनूस पाण्याहून किंचितच जड, पोलाद जवळजवळ आठपट. म्हणून एकाच जाडीच्या लांकडी दंडाचा सूर कोंवळा लागतो, तर पोलादाचा लांब आणि लखलखीत.

भरीव पोलादी कांडीचें वजन कागदावरही काढतां येतें. पाऊण इंच जाडीची आणि तीन इंचांस थोडी कमी अशी कांडी सुमारें १६० ग्रॅम भरते. सात-अष्टमांश जाडीची, सव्वातीन इंच लांबीची सुमारें २५०. आणि एक इंची, किंचित् अधिक लांब, ३२५ च्या आसपास. पाव इंचाच्या फरकानें वजन दुप्पट झालें ! वजन जाडीच्या वर्गाप्रमाणें वाढतें, हें यादी वाचणारा विसरतो.

मग सर्वांत जड तीच घ्यावी, असें कोणी म्हणेल. येथें आपलें संगीत आडवें येतें. गिटारच्या तारेची लांबी साधारण २५ इंच, म्हणजे ६३.५ सेंटिमीटर. बाराव्या पडद्यावर ती निम्मी राहते, आणि तेथें ८१ : ८० या प्रमाणाची एक श्रुति म्हणजे अवघें चार मिलिमीटर अंतर. सात-अष्टमांश कांडीची जाडी मात्र २२ मिलिमीटर. तिच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत अशा पांच श्रुति झांकल्या जातात, आणि तारेला टेकणारी रेघ त्या गोलाईच्या तळाशीं, डोळ्याला न दिसणारी. कांडी जितकी जाड, तितका डोळा अधिक फसतो. शिवाय तानेच्या वेळीं ३२५ ग्रॅमचा लोळ योग्य जागीं थांबविणें हें मनगटाला जड जातें. थांबण्याच्या जागेपुढें तो घसरतो. सलग मींड निघत नाहीं, या आक्षेपानें १९४० पासून कित्येक वर्षें रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें होतें. मींड हेंच ज्या वाद्याचें भांडवल, त्यानें ती बेसूर काढली तर त्यापेक्षां हार्मोनियम बरा.

लांबीचा विचार सोपा आहे. सहा तारांचा पट्टा दोन-सव्वादोन इंचांचा. त्यास तीन इंची कांडी पुरते. व्हॅन शिप्ले वाजवीत तशा आठ तारांच्या गिटारला सव्वातीन इंच, दहा तारांना त्याहूनही अधिक. पण सर्व तारा एकदम झांकण्याची गरज पाश्चात्त्य स्वरसंगतीस अधिक. राग बहुतांशीं एकेका तारेवर चालतो. अली अकबर खां यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारवर आलाप-गत मांडून तें सिद्ध केलें; १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मांच्या संतूराशेजारीं आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बांसरीशेजारीं त्यांची गिटार कोठेंही परकी वाटत नाहीं.

तेव्हां सहा तारांवर राग वाजविणाऱ्यानें सात-अष्टमांशापासून आरंभ करावा. अंगठा आणि मधलें बोट दोन्ही कुशींस, तर्जनी वर, अशी धरून तर्जनीचें टोक पुढच्या गोलाईजवळ पोंचलें पाहिजे. पकडतांना बोटें फाकत असतील तर पाऊण इंची घ्यावी, अथवा कुशींस खांचा असलेली. द्रुत गतींत वारंवार उचलण्यास खांचांची कांडी फार सोयीची. मुलांच्या हातीं एक इंची देऊं नये. कांडीमागें अनामिका व करंगळी तारांवर हलकीं टेकलेलीं राहिलीं पाहिजेत, नाहींतर मागच्या भागाची कुणकुण सुरांत मिसळते. जड कांडी सांवरण्यांतच हात गुंतला कीं हीं दोन बोटें प्रथम उचललीं जातात.

आणि टपालाची वाट पाहण्यापूर्वीं एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. लेथ असलेल्या कोणत्याही कारखान्यांत तिन्ही जाडींच्या पोलादी गजाचे तीन-तीन इंचांचे तुकडे कापून, एक टोक गोलवून घ्यावें. बारीक पॉलिश-कागदानें ते इतके घांसावे कीं नख फिरवितांना कोठें अडकूं नये, कारण पृष्ठावरचा ओरखडा तारेवर खरखर होऊन बोलतो. आठ-पंधरा दिवस तिन्ही वाजविल्यावर हात आपली कांडी निवडतो; मग तेवढ्याच मापाची, क्रोमचा मुलामा दिलेली मागवावी. मुलाम्यावांचूनची वापरावयाची असल्यास वाजवून झाल्यावर घाम पुसून तेलाचा पुसट हात फिरवावा, आणि दुसऱ्या दिवशीं तारेवर ठेवण्यापूर्वीं तें तेल कोरड्या फडक्यानें पुसून काढावें.