पक्ष्यांसाठीं कौल मिळविणारें गांव

कांची-रामेश्वराची यात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून 'पक्षितीर्था'चें नांव आपल्या घरांतून पूर्वी हटकून ऐकूं येई. तामिळनाडूंतील तिरुक्कळुकुण्ड्रम् येथील टेकडीवर दोन पांढरीं गिधाडें दुपारीं पुजाऱ्याच्या हातचा नैवेद्य खाण्यास उतरत, आणि तें पाहून यात्रेकरू धन्य होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीं तेथें येईनाशीं झालीं. परंतु त्याच चेंगलपट्टू जिल्ह्यांत दुसरें एक पक्षितीर्थ आजहि गजबजलेलें असतें. त्याचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

या गांवाचें नांव वेडन्तांगल. अर्थ, व्याधाची वाडी! चेन्नईच्या दक्षिणेस सुमारें ७५ किलोमीटरांवर तें आहे. गांवालगतचें तळें सुमारें ३० हेक्टरांचें, म्हणजे पाऊणशें एकरांचें असून त्याच्या पाण्यांतच समुद्रफळाचीं व बाभळीचीं झाडें उभीं आहेत. आश्विन-कार्तिकांतील ईशान्य मोसमी पावसानें तळें भरलें कीं चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे, शराटी, पाणकावळे, रातबगळे व झोळीवाले पाणकोळी येऊन या झाडांवर घरटीं बांधतात. खालीं पाणी असल्यामुळें रानमांजर-कोल्ह्यांचें भय पिलांस नसतें. पाऊस चुकला तर पक्षीहि पाठ फिरवितात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या शिपायांनीं येथें बंदुका चालविल्या, तेव्हां गांवकऱ्यांनीं कलेक्टराकडे दाद मागितली. लायोनेल प्लेस या कलेक्टरानें १७९८ सालीं पक्ष्यांच्या रक्षणाचा हक्क त्यांना लिहून दिला. इंग्रजी दप्तरांत या लेखास 'कौल'च म्हटलें आहे. आपल्याकडे पेशवाईंत रयतेला अभयाचा जो कौल मिळे, तोच हा शब्द. पुढें १८५८ सालीं तो नवा करून घेण्यांत आला. वन्य जीवांच्या रक्षणाचा देशव्यापी कायदा आला तो १९७२ सालीं. म्हणजे गांव कायद्याच्या पावणेदोनशें वर्षें पुढें होतें.

यांत केवळ भूतदयाच होती असें मात्र नव्हे. हजारों पक्षी दूरदूर चरून संध्याकाळीं परततात. त्यांची विष्ठा तळ्यांत पडते, आणि नत्र व स्फुरद यांनीं सकस झालेलें तें पाणी पाटानें भाताच्या शेतांत जातें. हें आयतें खत शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेलें आहे. तथापि केवळ लाभावर बोट ठेवून भागणार नाहीं. पक्ष्यांचा बांधणीचा काळ दिवाळीच्या सुमारासच सुरू होतो, म्हणून तेथील लोक फटाक्यांची हौस आवरतात. मुलांची समजूत घालणें किती कठीण, हें आपण गृहस्थाश्रमी लोक जाणतोंच!

पण आतां एकट्या गांवाच्या संयमानें निभाव लागेल काय? तळें हें पक्ष्यांचें केवळ माजघर आहे; त्यांचें स्वयंपाकघर सभोंवारचीं तळीं व भातखाचरें हें होय. मुग्धबलाकाला गोगलगायी लागतात, चित्रबलाकाला मासे लागतात, आणि हे सर्व बाहेर मिळतें. तीं तळीं बुजलीं, खाचरांत कारखाने उठले, तर झाडें शाबूत राहूनहि घरटीं रिकामीं राहतील. म्हणूनच १९९८ सालीं तळ्याभोंवतीं ५ किलोमीटरांचा घेर अभयारण्य ठरला. २०२० सालीं हा घेर ३ किलोमीटरांवर आणण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हां त्यास मोठा विरोध झाला. पुढें २०२२ सालीं या तळ्याची गणना जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाली.

हा मान मोठा खरा. पण त्या यादीचा आधार शेवटीं बांधावरचा शेतकरीच आहे. मार्गशीर्ष-पौषांत दक्षिणयात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनीं मुलांसह येथें एक संध्याकाळ अवश्य घालवावी, आणि परतल्यावर आपल्या गांवच्या तळ्याची स्थिति काय आहे, तेंहि एकदां पाहून यावें, अशी आमची विनंति आहे.