६४३ घाला, ४१७ काढा

हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब. गुणाकार केला की काँक्रीट येतं ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासच्या जरा वर. म्हणून सिमेंट, वाळू, खडी मिळून तेवढाच माल उतरवून घेतलात, तर स्लॅबचा तिसरा हिस्सा उघडाच राहील! १ : १.५ : ३ च्या मिश्रणाला लागतात सिमेंटच्या ९५ गोण्या, वाळू पावणेदोन ब्रास आणि खडी साडेतीन ब्रास. एक गोणी सव्वा घनफुटांची धरली, तर बेरीज ६४३ घनफुटांच्या जरा वर. बीमचा माल वेगळाच.

मग २२६ घनफूट गेले कुठे? चोरीला नाही गेले. ती हवा होती. खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून तर इंजिनिअर तयार काँक्रीटच्या मापाला १.५४ने गुणून कोरड्या मालाचा हिशेब काढतात.

वाळूची गंमत याहून भारी. किंचित ओलसर झाली की ती फुगते, अगदी २५ टक्क्यांपर्यंतही. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो आणि कण एकमेकांपासून लांब सरकतात. पण पाण्यात पूर्ण बुडवा, की पुन्हा कोरड्याएवढीच! खात्री करायची तर सरळ बरणीत २० सेंटिमीटर ओलसर वाळू सैल भरा, वर येईस्तोवर पाणी ओतून ढवळा. थर १६वर बसला, तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. पावसाळ्यात ट्रकभर वाळू मोजून घेताना आपण पैसे कशाचे मोजतो, ते कळलं ना?

आता भिंत. १०० चौरस फूट, २० सेंटिमीटर जाड. ४० बाय २० सेंटिमीटरचे काँक्रीट ब्लॉक सांध्यांसह लागतात १०८. फुटतुटीचे पाच-सहा वेगळे. तीच भिंत १९ बाय ९ बाय ९च्या विटांत बांधलीत, तर जवळजवळ ९३०! सांधेही तेवढेच वाढले. १ : ६च्या मालात ब्लॉकला गोणीभर सिमेंटही पुरतं, विटांना दोन गोण्यांच्या वर. गवंड्याचे हातही किती वाचतात ते वेगळंच.

खिडक्या मात्र फसव्या. भारतीय मानक १२०० प्रमाणे प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करत नाहीत. चार बाय चार फुटांच्या खिडकीचीही वजावट एकाच बाजूची, कारण कडांनाही प्लास्टर लागतंच. ठेकेदाराच्या बिलात खिडकीचं ‘प्लास्टर’ दिसलं, तर लगेच भांडू नका.

भांडायचंच असेल तर गोणीवरून भांडा. तिच्यावर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, म्हणून ९५ गोण्या एकदम आणून ठेवू नका. स्लॅबच्या आठवड्यातच मागवा.