तळव्याच्या बाजूने

पडताना माणूस आपसूक हात टेकवतो. अंगाचा सारा भार तळव्यावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मनगटाजवळ मोडतं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन केलं, ते केवळ बोटांनी चाचपून. क्ष-किरण सापडायला अजून ८१ वर्षं होती. हात वाकडा राहील, पण कालांतराने दुखायचा थांबेल आणि नीट चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

साधी मोड प्लास्टरमध्ये आजही छान जुळते. पंचाईत होते ती सांध्याचा पृष्ठभागच तीन-चार तुकड्यांत फुटला असेल तेव्हा. मनगटाजवळचं हाड आतून स्पंजासारखं सच्छिद्र असतं. ते चेपलं की आत पोकळी उरते. हाड ओढून बसवलं, एक्स-रे चांगला आला, तरी दोन आठवड्यांत तुकडे पुन्हा हाताच्या मागच्या बाजूला कलंडतात.

मागे कलंडतात, तर मागूनच आधार द्यावा, या विचाराने बरीच वर्षं प्लेट मागून बसवत. पण तिथे बोटं सरळ करणाऱ्या स्नायुबंधांचे दोर हाडाला अगदी लगटून जातात. ते धातूवर घासत, कधी तुटतही. तळव्याकडे मात्र हाड सपाट आहे आणि त्यावर प्रोनेटर क्वाड्रेटस या चौकोनी स्नायूचं पांघरूण आहे. अडचण एवढीच, की साधा स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरतो, आणि ठिसूळ हाडात ही पकड सुटते.

लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात आणि दोन्ही मिळून एकसंध सांगाडा होतो. धाब्याच्या घरात माळवदाखाली तुळया असाव्यात तशी या स्क्रूंची रांग सांध्याच्या पृष्ठभागाखाली लागते. त्यामुळे पुढून बसवलेली प्लेट मागे पडणारे तुकडे तोलून धरते. मायामीचे होर्हे ऑर्बे आणि स्वित्झर्लंडचे दिएगो फर्नांडेस यांनी २००२ मध्ये या पद्धतीचे पहिले निष्कर्ष मांडले. मनगटाच्या शस्त्रक्रियेची बाजूच त्यांनी बदलली, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

शस्त्रक्रिया नाजूक असते. वाटेत एकीकडे नाडी, दुसरीकडे मीडियन नस. सांधा मुळात तळव्याकडे सुमारे ११ अंश झुकलेला असतो. तो कोन परत आणायचा, पृष्ठभागाला पायरी राहू द्यायची नाही. तरुण माणसात २ मिलिमीटरची पायरीही पुढे सांधा झिजवू शकते. तुकडे तारांनी तात्पुरते धरून सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिले जातात. स्क्रू जरा लांब झाला तर त्याचं टोक मागे बाहेर येऊन अंगठा उचलणारा दोर कापतं. प्लेट सांध्याकडे जास्त सरकली तर अंगठा वाकवणारा दोर तिच्या कडेवर झिजतो. म्हणजे मागच्या प्लेटचा जुना धोका इथेही आहे. फक्त तो टाळणं शल्यविशारदाच्या हातात आलं आहे.

म्हणूनच ‘प्लेट टाकली की काम पक्कं’ हा समज मला खटकतो. ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या तारा आणि प्लेट यांत वर्षभरानंतर हाताच्या कामात फरक दिसला नाही. मात्र ज्यांचा सांधा उघडल्याशिवाय जुळत नव्हता, असे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. ऑस्ट्रियातल्या २०११ च्या अभ्यासात पासष्टीपुढच्या रुग्णांचे एक्स-रे प्लेटने सरस आले, पण वर्षअखेर हात प्लास्टरवाल्यांइतकाच चालत होता. वाकड्या, तरी चालणाऱ्या हाताबद्दल कॉलीस बोलले होते, ते वयस्कांपुरतं पुष्कळसं खरं ठरलं.

प्लेटची खरी गरज फुटलेल्या सांध्याला आहे, विशेषतः ज्याला त्या हाताने अजून तीस-चाळीस वर्षं पाना फिरवायचा आहे, कणीक मळायची आहे, त्याच्या. घट्ट बसलेल्या प्लेटमुळे बोटांची हालचाल लगेच सुरू करता येते आणि मनगटही लवकर मोकळं करता येतं. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच: मोड सांध्यात गेली आहे का, आणि हाड ओढून बसवल्यावर ते जागेवर टिकतंय का?