पुराखालचं भात आणि डीएनएमधली खूण

भाताला पाणी आवडतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण गुडघाभर चिखलात उभं असणं वेगळं आणि शेंड्यापर्यंत बुडणं वेगळं. पूर आला आणि आठवडाभर ओसरला नाही, तर बहुतेक वाणांचं रोप मरतं. ओडिशा, बिहार, आसाम आणि बांगलादेशातल्या सखल शेतांत हे वारंवार घडतं.

गंमत म्हणजे रोप मरतं ते जगण्याच्या धडपडीमुळे. वनस्पतींमध्ये इथिलीन नावाचा वायू सतत तयार होत असतो. एरवी तो हवेत निघून जातो, पण पाण्याखाली तो पेशींमध्येच कोंडतो. ‘आपण बुडालो आहोत’ हा रोपाला मिळालेला इशाराच असतो. मग रोप हवा गाठण्यासाठी भराभर उंच होऊ लागतं. त्यात साठवलेली शर्करा संपते, आणि पाणी ओसरल्यावर ते लुळं पडून कुजतं.

ओडिशातल्या एका स्थानिक भातातून निवडलेला ‘एफआर १३ए’ हा वाण मात्र असं करत नाही. तो पाण्याखाली वाढ थांबवतो, शर्करा जपून ठेवतो आणि सुमारे दोन आठवड्यांनंतरही पुन्हा पालवतो. शास्त्रज्ञांना हा गुण कित्येक दशकं ठाऊक होता. अडचण एवढीच, की एफआर १३एचं उत्पन्न कमी. त्याच्या संकरातून आलेले सुरुवातीचे वाण पुरात तगले, पण शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरले नाहीत. शेतकऱ्याला हवा होता आंध्र प्रदेशात तयार झालेला, पूर्व भारतभर लाडका असलेला ‘स्वर्णा’, तोही जसाच्या तसा. फक्त बुडल्यावर न मरणारा.

इथे भाताचा स्वभाव समजून घ्यायला हवा. भात स्वपरागित आहे. त्याच फुलातले पराग बहुतेक वेळा त्याच फुलात पडतात. त्यामुळे संकर करायचा तर फूल उमलण्याआधी त्यातले सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि लोंबीला पिशवी घालावी लागते. मग हव्या त्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. पहिल्या पिढीत दोन्ही वाणांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. ती रोपं पुन्हा स्वर्णाशी संकरित केली की स्वर्णाचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो, पुढे ८७.५, मग ९३.७५. याला बॅकक्रॉस म्हणतात. ९९ टक्क्यांच्या पुढे जायला असे सहा बॅकक्रॉस लागतात. शिवाय प्रत्येक पिढीत पूर सोसणारं रोप कोणतं, हे रोपं बुडवून पाहावं लागतं.

हे गणित मार्करने बदललं. मार्कर म्हणजे डीएनएमधली अशी जागा, जिथे दोन वाणांचा मजकूर वेगळा असतो. पुस्तकातल्या एखाद्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा, तशी ती खूण. केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की एफआर १३एच्या सहनशक्तीचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेतून येतो. तिला ‘सब१’ नाव मिळालं. तिथलं ‘सब१ए’ हे जनुक २००६ मध्ये जगासमोर आलं. त्या कामात मॅकिल यांच्यासोबत पामेला रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेस यांचे गटही होते.

फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत मग हीच खूण धरून काम झालं. कोवळ्या रोपाचं पान चिमूटभर तोडायचं, डीएनए काढायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. पहिला: सब१ आहे का? दुसरा: सब१च्या आजूबाजूला एफआर १३एचं नको असलेलं लटांबर किती चिकटून आलं आहे? तिसरा: बाकीच्या गुणसूत्रांवर स्वर्णाचा भाग किती परत आला आहे? ७५ टक्के ही सरासरी असते. शेकडो रोपांमध्ये काही नशीबवान रोपं तिच्या बरीच पुढे असतात, आणि मार्कर ती शोधून देतो. म्हणून सहाऐवजी दोन-तीन बॅकक्रॉसमध्येच काम भागलं.

शेवटी स्वपरागण कामी येतं. निवडलेलं रोप स्वतःशीच फळू दिलं, की दर चार रोपांत सरासरी एकात सब१च्या दोन्ही प्रती सारख्या येतात. ते रोप मार्करने ओळखलं, की त्याच्या पुढच्या पिढ्यांत हा गुण टिकतो. शेतकरी घरचंच बियाणं राखून पुढच्या खरिपात पेरू शकतो. संकरित मक्यासारखं दरवर्षी नवं बियाणं घेण्याची गरज नाही.

भारतात ‘स्वर्णा-सब१’ २००९ मध्ये प्रसारित झाला. ओडिशात शेतकऱ्यांच्याच शेतात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा दिवस बुडलेल्या शेतात त्याचं उत्पन्न मूळ स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त भरलं. पूर आला नाही तर तो स्वर्णापेक्षा कमी पडत नाही. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. सखल, पुरात जाणारी जमीन दलित समाजातल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला अधिक आलेली असते, त्यामुळे या वाणाचा फायदाही त्यांना अधिक होऊ शकतो. बियाण्याच्या दाण्यात सामाजिक न्याय भरता येत नाही, पण कुणाची जमीन आधी बुडते हे लक्षात ठेवून संशोधनाचा प्रश्न नक्कीच निवडता येतो.

‘म्हणजे हे जीएम पीक का?’ असा प्रश्न हमखास येतो. नाही. इथे प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं नाही. भाताचा भाताशी संकर झाला आहे, परागकणांनीच. डीएनएची चाचणी फक्त कोणतं रोप ठेवायचं हे सांगते.

पण मार्कर म्हणजे जादूची कांडी नव्हे. सब१सारखा एकाच मोठ्या जनुकावर बेतलेला गुण विरळा. उत्पन्नासारखा गुण असंख्य जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्यांतून घडतो, तिथे एक-दोन खुणा पुरत नाहीत. गुण अनेक झाले की रोपांची संख्याही भराभर वाढते. पाच जनुकं दोन्ही प्रतींत हवी असतील, तर संकराच्या दुसऱ्या पिढीत असं रोप १०२४ मध्ये सरासरी एकच मिळतं. आणि पाणी महिनाभर साचून राहिलं तर सब१ही हात टेकतो. वाढ थांबवून किती दिवस तग धरणार?

या सगळ्याच्या मुळाशी आहे एक कमी पिकणारा, बाजाराने दुर्लक्षिलेला गावठी भात. कुणीतरी तो पेरत राहिलं आणि कुणीतरी त्याचं बियाणं जपून ठेवलं, म्हणून मार्करला शोधण्यासारखं काही उरलं.