मॅनेजर गेला, ‘हेड कोच’ आला

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. मूळ मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचे वैभव मात्र केव्हाच लयाला गेले. आज त्या शहराचे नाव जगभर घेतले जाते ते फुटबॉलमुळे. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी स्थापन केलेला आणि १९०२ पासून ‘मँचेस्टर युनायटेड’ या नावाने ओळखला जाणारा तेथील क्लब हा मोठा उद्योग आहे. या उद्योगाच्या ग्राहकावर, म्हणजे चाहत्यावर, अलीकडे एकच काम वारंवार येते. ते म्हणजे नव्या प्रशिक्षकाचे स्वागत करणे.

सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयेस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला होता. ते दहा महिनेही टिकले नाहीत. लुई व्हॅन गाल यांनी २०१६ मध्ये एफ. ए. कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांत त्यांना घरी पाठविण्यात आले. एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढविण्यात आला आणि ऑक्टोबरात त्यांची गच्छंती झाली. तरीही दर वेळी चाहता नव्या उमेदीने मैदानावर हजर!

याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. साबण आवडला नाही तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले की, असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि यांपैकी तो कोणती धरतो हे त्याच्या निष्ठेवर बरेचसे अवलंबून असते. आजोबांपासून युनायटेडचा पट्टा गळ्यात घालणारा माणूस उद्या मँचेस्टर सिटीचा चाहता होणे जवळजवळ अशक्य. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने प्रामुख्याने कर्जाच्या बळावर क्लब विकत घेतला आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच टाकला, तेव्हा काही चाहत्यांनी ‘एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. सोडून जातानाही त्यांना जुने नाव सोडवले नाही! बहुसंख्य मात्र जागच्या जागी राहिले. ज्याला जाता येत नाही आणि ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला आशेचा आधार घ्यावा लागतो. नवा प्रशिक्षक ही ती आशा, आणि ती मालकांना फार स्वस्तात पुरविता येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबहून रुबेन अमोरिम आले. वय ३९, पोर्तुगालमध्ये दोनदा लीग विजेते. त्याच महिन्याच्या अखेरीस सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर, मोसम चालू असताना, ६६ पौंड करण्यात आला; मुलांची व वृद्धांची सवलतही गेली. १ डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डबाहेर चाहत्यांनी निदर्शने केली आणि आत जाऊन अमोरिम यांचा संघ एव्हर्टनला ४-० हरविताना पाहिला. ही विसंगती नव्हे. संघावरचे प्रेम आणि मालकांवरचा राग यांची गल्लत त्या प्रेक्षकांनी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक बदल मात्र फारशा गाजावाजाशिवाय झाला. टेन हाग ‘मॅनेजर’ होते. अमोरिम यांना ‘हेड कोच’ ही पदवी मिळाली. इंग्लंडच्या परंपरेत मॅनेजर म्हणजे केवळ सराव घेणारा नव्हे. खेळाडू घ्यावेत कोणते, विकावेत कोणते, पोरांना कसे घडवावे, या सर्वांत त्याचा शब्द चालत असे. हेड कोचच्या हाती उरतो तो मुख्यतः संघ आणि त्याची मांडणी. अधिकार संचालकांकडे गेले. पराभवानंतर पत्रकारांपुढे बसण्याचे काम मात्र प्रशिक्षकाकडेच राहिले.

अशा वेळी ‘फर्ग्युसननाही वेळ द्यावा लागला होता’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. तो खरा आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले आणि पहिला चषक मिळाला मे १९९० मध्ये. मधल्या काळात त्यांनी जावे असे फलकही मैदानात लागले. परंतु धीर धरून ज्यांचे काहीच झाले नाही अशा प्रशिक्षकांची आठवण कोणी ठेवत नाही, म्हणून या एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. शिवाय तेव्हाच्या संचालकांना तरुण खेळाडूंची नवी फळी उभी राहताना दिसत होती. थांबा म्हणणाऱ्याने कशासाठी थांबायचे हेही सांगितले पाहिजे.

अमोरिम यांच्या पहिल्या मोसमात संघ लीगमध्ये पंधरावा आला. ३-४-३ ही मांडणी न सोडण्याचा त्यांचा हट्ट अनेकांना खटकला, आणि तो दोष त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे. जानेवारी २०२६ मध्ये लीड्सशी बरोबरी झाल्यावर, आपण येथे मॅनेजर म्हणून आलो आहोत, नुसता कोच म्हणून नव्हे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर माजी खेळाडू मायकेल कॅरिक यांच्याकडे मोसम संपेपर्यंतची सूत्रे सोपविण्यात आली. अमोरिम यांना निवडणारे आणि काढणारे संचालक त्या दिवशी कोणत्या पत्रकार परिषदेत बसले होते, हे विचारण्याचा अधिकार ६६ पौंड मोजणाऱ्या माणसाला निश्चितच आहे.