नव्या ड्रायव्हरने धुकं पळवलं

१९९८-९९ च्या त्रिमिती संगणक-खेळांत दूरवर अनेकदा धुकं असायचं. ते वातावरणनिर्मितीसाठी होतंच, पण त्याहून जास्त सोयीसाठी होतं. तेव्हाच्या संगणकांना लांबचं दृश्य रेखाटणं झेपत नसे, म्हणून खेळ बनवणारे लांबची जमीन धुक्यात बुडवून टाकत. तोच खेळ भलत्या चिपवर किंवा भलत्या ड्रायव्हरवर लावला, तर कधी कधी धुकं विरून जातं आणि खेळातलं जग जिथे संपतं ती कड उघडी पडते. सीडी तीच, खेळ तोच. बदललेला असतो तो मधला दुभाष्या.

ड्रायव्हर म्हणजे खेळ आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुभाष्या. ‘टेबल फॉग’ या जुन्या पद्धतीत चिप प्रत्येक पिक्सेलची खोली पाहते आणि त्या खोलीला किती धुकं, हे एका तक्त्यातून उचलते. एटीआयच्या रेडिऑन चिपांवर अनेक जुन्या खेळांचं हे धुकं दिसत नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४ वर दिसतं.

रंगांचंही तसंच. पूर्वी स्मृती इतकी महाग होती की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवणं परवडत नसे. म्हणून २५६ रंगांची एक यादी करायची आणि ठिपक्यापाशी फक्त यादीतला क्रमांक ठेवायचा. १९९८ साली संगणकावर आलेला ‘फायनल फँटसी ७’ याच युक्तीवर विसंबलेला आहे. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि चिपांमधून ही सोय गेली.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ओपनजीएल ही ग्राफिक्स रेखाटण्याची प्रणाली वापरणारा खेळ सुरू होताना ड्रायव्हरला विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ ड्रायव्हर आपल्या कौशल्यांची यादी वाचून दाखवतो. ‘क्वेक ३’ च्या इंजिनावर बनलेल्या काही खेळांनी त्या यादीसाठी ठरावीकच जागा राखली होती. वर्षागणिक ड्रायव्हर शिकत गेले, यादी लांबली, जागेबाहेर सांडली आणि खेळ कोसळू लागले. चूक अज्ञानाची नव्हती, ज्ञान वाढल्याची होती! लिनक्सवरच्या ‘मेसा’ ड्रायव्हरमध्ये यावर सुंदर तोड आहे. ‘एक्स्टेन्शन मॅक्स इयर’ या चलात २००१ लिहिलं, की ड्रायव्हर त्या सालानंतर शिकलेलं काहीच सांगत नाही.

डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड बदलता येतं. बहुतेक लॅपटॉपांत चिप कायमची बसवलेली असते, त्यामुळे हाती उरतो तो ड्रायव्हर. २००२ च्या सुमाराचे लॅपटॉप घ्या. त्यांतल्या काहींत एनव्हिडियाची जीफोर्स४ ४४० गो ही चिप आहे. जुन्या खेळांचे शौकीन एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४५.२३ ही २००३ ची आवृत्ती आवडीने वापरतात, पण ती लॅपटॉपवर बसवायला गेलं तर ‘योग्य हार्डवेअर सापडलं नाही’ असं उत्तर मिळू शकतं. कारण ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ फाइलमध्ये चिपांचे क्रमांक असतात आणि लॅपटॉपच्या चिपा त्यात बहुधा नसत. त्यांचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच द्यावेत, अशी तेव्हाची रीत होती. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आपल्या चिपचा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमधून पाहून त्यात नीट भरला, की दार उघडतं.

मग निवडायचं कसं? लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला मूळ ड्रायव्हर आधी जपून ठेवावा. त्या लॅपटॉपच्या पडद्याचं रिझोल्यूशन आणि झोपून उठण्याच्या खोडी त्यालाच सर्वांत चांगल्या ठाऊक असतात. तो पुरला नाही, तर खेळाचं साल पाहावं आणि चिप बाजारात आल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली आवृत्ती लावून बघावी. एका वेळी एकच बदल करावा. विंडोज एक्सपीमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. विंडोज ९८ मध्ये तो नाही, तिथे आधी डिस्कची प्रत काढावी.

नवं ते चांगलं, हा नियम इथे चालत नाही. खेळ लिहिणाऱ्यांच्या टेबलावर त्या वर्षी जो ड्रायव्हर होता, त्याच्या जितकं जवळ जाल, तितका खेळ त्यांनी पाहिला होता तसा दिसेल.